मे महिना, कोकण आणि जाड ऑइलचा डबा

भांडुपहून आलेलं पत्र मोठं आहे. त्याचा गोषवारा असा:

घरी २०२२ सालची पेट्रोल हॅचबॅक आहे, ३८ हजार किलोमीटर चाललेली. मे महिन्यात पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन राजापूरजवळच्या गावी जायचं आहे. निघण्याआधी ऑइल बदलायचं ठरलं आणि घरात वाद सुरू झाला. कंपनीच्या पुस्तिकेत ऑइलची ग्रेड, म्हणजे दाटपणाचा नंबर, ०डब्ल्यू-२० लिहिलंय, त्याखाली ५डब्ल्यू-३० चालेल असंही आहे. गल्लीतला मेकॅनिक म्हणतो, "एवढ्या उन्हात ते पाण्यासारखं होतं. इंजिन जाईल. २०डब्ल्यू-५० टाका." वडील निवृत्त टॅक्सीचालक, आयुष्यभर पद्मिनी चालवलेले. त्यांनी मेकॅनिकची बाजू घेतली आणि स्वतः जाऊन जाड ऑइलचा डबाही आणून ठेवला. सकाळी गाडी चालू केली की दोन-तीन सेकंद टक टक आवाज येतो, तोही पातळ ऑइलमुळेच, असं त्यांचं म्हणणं. वाचक विचारतात: मुंबईच्या उन्हाळ्यात कुठलं ऑइल योग्य? घाटात पातळ ऑइल टिकेल का? वडिलांना काय सांगू? आणि जाता जाता, उरलेलं ऑइल बायकोच्या स्कूटरमध्ये टाकलं तर चालेल का?

नमस्कार,

डबा अजून फोडला नसेल तर फोडू नका. बाकीचं सावकाश बोलू.

तुम्ही, वडील आणि मेकॅनिक, तिघांचं एकमत नसलं तरी तिघांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे: बाहेर ऊन वाढलं की इंजिनातलं ऑइलही तेवढंच जास्त तापतं, म्हणून ते जाड हवं. ऐकायला हे अगदी पटतं. पण तुमच्या गाडीचं इंजिन पाण्याने, म्हणजे कूलंटने, थंड होणारं आहे आणि त्यात थर्मोस्टॅट आहे. माणूस महाबळेश्वरला असो की मुंबईत, त्याच्या अंगाचं तापमान ३७ अंशांच्या आसपासच राहतं. थर्मोस्टॅट इंजिनासाठी तेच काम करतो. कूलंट साधारण ८० ते ९५ अंशांत राहील अशी व्यवस्था असते, आणि गाडी नीट तापली की ऑइल ९० ते ११० अंशांच्या घरात असतं. हे जानेवारीतही असंच असतं आणि मे महिन्यातही. बाहेरची हवा दहा-पंधरा अंशांनी तापली म्हणून ऑइल दहा-पंधरा अंशांनी तापत नाही. रेडिएटरचा पंखा थोडा जास्त वेळ फिरतो, इतकंच.

त्यातून मुंबईचा उन्हाळा. आपल्याला तो असह्य होतो कारण घाम वाळत नाही. इंजिनाला घाम येत नाही, त्यामुळे दमट हवेचं त्याला काही वाटत नाही. आकडे पाहिले तर आपलं शहर फार सौम्य आहे: जानेवारीतली पहाट १६-१७ अंश, मेमधली दुपार ३३-३४ अंश. समुद्रावरचा वारा उशिरा सुटला तर मार्चमध्ये एखाद-दोन दिवस पारा चाळिशीला टेकतो. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश नोंदले गेले होते. पण हे अपवाद. ऋतूप्रमाणे ऑइल बदलावं का हा प्रश्न नागपूर-चंद्रपूरकरांनी विचारला असता तर निदान थोडा विचार करावा लागला असता. तिथे ४५ अंश ही बातमी नसते. भांडुपला तो प्रश्न मुळात उभाच राहत नाही.

आता "पाण्यासारखं होतं" याकडे वळू, कारण हे वाक्य मुंबईतल्या प्रत्येक दुसऱ्या गॅरेजमध्ये ऐकू येतं.

डब्यावरचे दोन आकडे दोन वेगळ्या चाचण्यांचे आहेत. डब्ल्यूच्या आधीचा आकडा कडाक्याच्या थंडीतला. ०डब्ल्यू ऑइल उणे ३५ अंशांना तपासतात, २०डब्ल्यू उणे १५ला. तशी थंडी लडाखमध्ये पडते. त्यामुळे सकाळी गाडी चालू होईल की नाही एवढ्यापुरता हा आकडा मुंबईकराच्या कामाचा नाही. नंतरचा आकडा १०० अंशांना ऑइल किती दाट राहतं ते सांगतो. दाटपणा सेंटिस्टोकमध्ये मोजतात. १०० अंशांना २० नंबरचं ऑइल ६.९ ते ९.३च्या मध्ये असतं, ३० नंबरचं ९.३ ते १२.५, ४० नंबरचं १२.५ ते १६.३ आणि ५० नंबरचं १६.३ ते २१.९. म्हणजे ५० नंबर हा २० नंबरच्या दुपटीहून दाट, हे खरंच. पण साधं पाणी खोलीच्या तापमानाला एक सेंटिस्टोक असतं. तुमचं "पातळ" ऑइल १०० अंशांना उकळत्या गरम इंजिनात फिरत असतानाही थंड पाण्याच्या सात-आठ पट दाट असतं. शिवाय यातलं प्रत्येक ऑइल १५० अंशांना, जोराने घासलं जात असताना किती दाट राहतं, याचीही किमान मर्यादा ठरलेली असते. तुमची गाडी घाट चढताना ऑइल १५० अंशांपर्यंत जाणार नाही.

याहून महत्त्वाचा आकडा मात्र सकाळचा आहे, आणि त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. ४० अंशांना ०डब्ल्यू-२० साधारण ४५ सेंटिस्टोक असतं आणि २०डब्ल्यू-५० साधारण १६०. पहाटे सहाला तुमच्या पार्किंगमध्ये ४० अंशही नसतात, त्यामुळे दोन्ही याहून दाट असतात. आता जरा जुळवून बघा. सकाळी थंड इंजिनातलं तुमचं पातळ ऑइल हे भर तापलेल्या इंजिनातल्या जाड ऑइलच्या दुपटीहून दाट आहे. म्हणजे इंजिनाची रोजची अडचण ऑइल फार पातळ असण्याची नाहीच. सकाळी ते फार दाट असतं, ही आहे. आणि २०डब्ल्यू-५० टाकलं तर त्या वेळी ते साडेतीन पट अधिक दाट असेल.

वडिलांना ऐकू येणारी टक टक नेमकी याच वेळची आहे. रात्रभर गाडी उभी राहिली की ऑइल निथळून खाली चेंबरमध्ये जमतं. चावी फिरवल्यावर पंपाने ते वर हेडपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या माथ्यापर्यंत, पोचवेस्तोवर एक-दोन सेकंद जातात आणि तेवढ्यात आवाज होतो. दाट ऑइल वर चढायला जास्त वेळ घेईल, कमी नाही. त्यातून पंपावरचा दाब फार वाढला तर सुरक्षेची झडप उघडते आणि ऑइलचा काही भाग वर न जाता परत चेंबरमध्ये जातो. फिल्टरमधून दाट ऑइल पटकन जाईना झालं तर फिल्टरची बायपास झडपही उघडते, मग न गाळलेलं ऑइल इंजिनात फिरतं. जाड ऑइलने आवाज दबतो असा अनुभव लोक सांगतात, तो खोटा नाही; इंजिन तापल्यावर दाट थर आवाज मऊ करतो. पण दबलेला आवाज म्हणजे थांबलेली झीज नव्हे. तुमची टक टक दोन-तीन सेकंदांत थांबते, तर आधी ऑइलची पातळी बघा आणि या वेळी फिल्टर कंपनीचाच घाला. चांगल्या फिल्टरमध्ये गाडी बंद असताना ऑइल निथळू नये म्हणून रबराची झडप असते. हलक्या फिल्टरमध्ये ती लवकर कडक होते. इंजिन गरम झाल्यावरही आवाज चालूच राहिला तर मात्र गाडी दाखवा, तो वेगळा विषय आहे.

आजच्या इंजिनात जाड ऑइलचा आणखी एक त्रास आहे, आणि तो पद्मिनीत असणं शक्यच नव्हतं. तुमच्या गाडीत व्हॉल्व्ह कधी उघडायचे हे वेगाप्रमाणे पुढेमागे करणारी व्यवस्था बहुधा असणार, आणि ती चालते ऑइलच्या दाबावर. टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनरही तसाच. त्यांच्या वाटा बारीक असतात, जाळ्या त्याहून बारीक. ठरलेल्या दाटपणाचं ऑइल धरूनच त्यांचं गणित मांडलेलं असतं. दुप्पट दाट ऑइल घातलं की ही यंत्रणा उशिरा हलते, कधीकधी चेक इंजिनचा दिवा लागतो, पिकअप मंद वाटतो आणि ॲव्हरेज कमी होतं. इंजिन एका आठवड्यात जाणार नाही. मेकॅनिक म्हणतो तसं पातळ ऑइलने जात नाही, तसंच जाड ऑइलनेही लगेच जात नाही. पण पैसे देऊन गाडीला तिच्या जडणघडणीच्या विरुद्ध काहीतरी पाजायचं कशासाठी? आणि वॉरंटी अजून शिल्लक असेल तर पुस्तिकेबाहेरची ग्रेड म्हणजे कंपनीच्या हातात आयतं कारण.

वडिलांची बाजू मी मुद्दाम वेगळी काढून ठेवली होती, कारण ते चुकीचं बोलत नाहीत. ते दुसऱ्या इंजिनाबद्दल बोलत आहेत.

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यातून निघालेली पद्मिनी म्हणजे मूळची फियाट ११०० डी. १०८९ सीसीचं, पुशरॉडचं, मोकळ्या मापांचं इंजिन. टॅपेट हाताने फीलर गेज लावून जुळवायचे. दिवसाला दोन पाळ्यांत चालणाऱ्या टॅक्सीत बोअर-पिस्टन झिजलेले, गाडी ऑइल खाणारी, निळा धूर मारणारी. अशा इंजिनाला २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० हेच योग्य होतं, आणि पावसाळ्याआधी इंजिन काम काढायचं की अजून सहा महिने रेटायचं हा निर्णय तुमचे वडील ऑइलच्या डब्यावरून आणि धुराच्या रंगावरून घेत असतील. ते ज्ञान कमावलेलं आहे. त्याआधीच्या पिढीत तर एकाच आकड्याचं ऑइल मिळायचं, ३० किंवा ४०, आणि ऋतू पाहून ते बदलणं ही खरंच गरज होती. १९५०च्या दशकात दोन आकड्यांची मल्टिग्रेड ऑइलं आली ती हीच कटकट संपवायला. सवय मात्र पुढच्या दोन पिढ्या टिकली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर २०२३ला ती रस्त्यावरून गेली. गॅरेजमधला सल्ला अजून गेलेला नाही.

मेकॅनिकचंही एक गणित असतं, त्यात त्याला दोष देण्यासारखं काही नाही. त्याच्याकडे रिक्षा येते, जुनी व्हॅन येते, दहा वर्षांची सेदान येते. एका मोठ्या डब्यातून सगळ्यांना पुरणारी ग्रेड ठेवणं त्याला परवडतं. तुमच्या गाडीचं सिंथेटिक ०डब्ल्यू-२० तो ठेवत नसेल तर ते चांगलं आहे असं तो का म्हणेल?

मग टाकायचं काय? पुस्तिकेने तुम्हाला दोन ग्रेड दिल्या आहेत, म्हणजे मोकळीकही दिली आहे. रोजचं ऑफिस, शाळा, बाजार एवढंच असेल तर ०डब्ल्यू-२० ठेवा. या वेळी पाच माणसं, सामान आणि मे महिना आहे, आणि ऑइल बदलायची वेळ आलेलीच आहे, तर ५डब्ल्यू-३० टाका. ते गरम इंजिनात थोडं अधिक दाट राहतं, घाटात ओझं घेऊन चढताना तेवढी जास्त शिल्लक हाताशी राहते, आणि कंपनीने मान्य केलेल्या हद्दीत आहे. त्याबद्दल ॲव्हरेजमध्ये अगदी किरकोळ फरक पडेल. मी तुमच्या जागी असते तर हेच केलं असतं. वडिलांनाही सांगता येतं की ऑइल त्यांच्या म्हणण्याप्रमाणे एक पायरी जाड केलं. खोटं बोलल्यासारखं होत नाही, कारण ते खरंच आहे.

ज्यांच्या पुस्तिकेत एकच ग्रेड आहे त्यांनी तीच टाकावी. काही पुस्तिकांत तक्ता असतो, खाली बाहेरचं तापमान आणि वर ग्रेडच्या आडव्या पट्ट्या. बहुतेक तक्त्यांत पट्ट्यांचा फरक थंडीच्या टोकाला दिसतो, गरम टोकाला त्या सगळ्या ४० अंशांच्या आसपास किंवा त्यापुढे जातात. तुमच्या तक्त्यात वेगळं असेल तर तक्त्याचं ऐका, माझं नाही. ग्रेडइतकंच डब्यावर तिच्याजवळ छापलेलं एपीआयचं, म्हणजे ऑइलच्या दर्जाचं, अक्षर बघा, एसएन किंवा एसपी. पुस्तिकेत लिहिलंय त्याच्या खालचं घेऊ नका.

घाटांची तुम्हाला वाटते तेवढी धास्ती नको. कशेडीला बोगदा झाल्यापासून मुंबई-गोवा महामार्गावरची मोठी चढण टळली आहे. खरी परीक्षा माणगावच्या कोंडीत असते, भर दुपारी, एसी चालू, गाडी मुंगीच्या पावलांनी. तिथे पुढून वारा नसतो. एसीच्या कंडेन्सरची उष्णता रेडिएटरवरच येते आणि सगळा भार पंख्यावर पडतो. या ठिकाणी ज्या गाड्या तापून बाजूला उभ्या दिसतात त्यांचं बॉनेट उघडून बघा: कूलंट कमी, नळाचं पाणी ओतून आतून क्षार बसलेला रेडिएटर, अडकलेला थर्मोस्टॅट, न फिरणारा पंखा, सैल झाकण. ऑइलची ग्रेड त्या यादीत शोधून सापडणार नाही. म्हणून निघण्याआधी ऑइलच्या डब्यावर जेवढी चर्चा झाली त्याच्या अर्धी कूलंटवर करा. टाकीतली पातळी थंड इंजिनावर बघा. गाडी चालू ठेवून एसी लावा आणि पंखा फिरतो का ते ऐका. रेडिएटरच्या पुढच्या जाळीत धूळ, पिसं, पाचोळा अडकला असेल तर हलक्या धारेने धुऊन घ्या.

आता मुंबईकरांच्या खऱ्या दुखण्याकडे. ते उष्णतेचं नाही, तासांचं आहे. पुस्तिकेत लिहिलेलं असतं, दर १० हजार किलोमीटरला किंवा वर्षाने, जे आधी होईल ते. महामार्गावर ६०च्या सरासरीने हे १० हजार किलोमीटर सुमारे १६७ तासांत होतात. भांडुपहून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने अंधेरीला रोज जाणाऱ्याची सरासरी ताशी २० किलोमीटर धरली तर तेच अंतर कापायला इंजिन ५०० तास चालतं. मीटर दोघांचा सारखा, ऑइलने केलेलं काम तिप्पट. त्यातून घर ते स्टेशन असा दोन-तीन किलोमीटरचा प्रवास असेल तर आणखी वाईट. कूलंटचा काटा लवकर वर येतो, पण ऑइल तापायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. न तापलेल्या ऑइलमध्ये थोडं पेट्रोल आणि ओल मिसळत राहते, ती उडून जात नाही आणि ऑइल खरोखर पातळ होतं. डब्यावर २० लिहिलेलं असो की ५०, पेट्रोल मिसळलं की दोन्ही उतरतात. तेव्हा पातळ ऑइलची भीती असेल तर उपाय जाड ग्रेड नाही, लवकर बदलणं हा आहे. बहुतेक पुस्तिकांच्या मागच्या पानांत "कठीण वापर" म्हणून वेगळा तक्ता असतो, त्यात मुदत साधारण अर्धी केलेली असते. मुंबईत गाडी चालवणाऱ्या जवळपास प्रत्येकाने तो तक्ता आपल्यासाठी आहे असं समजावं. सर्व्हिस सेंटरवाले तो स्वतःहून दाखवत नाहीत, गंमतच आहे.

सीएनजीवाल्यांसाठी एक ओळ: तुमचं ऑइल बराच काळ सोनेरी दिसतं कारण गॅस स्वच्छ जळतो. रंग बघून मुदत वाढवू नका. आणि पेट्रोल-डिझेलवाल्यांनी काळं झालं म्हणून घाबरू नये, काजळी धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे.

डिझेल गाडी एप्रिल २०२०नंतरची, म्हणजे बीएस-६ असेल तर प्रश्न दाटपणाच्या पलीकडे जातो. तिच्या धुराड्यात काजळी पकडणारा फिल्टर असतो, त्याला कमी राख देणारं ऑइल लागतं. ट्रकसाठी ठेवलेलं १५डब्ल्यू-४० त्यात ओतलं तर उन्हाळा निघेल, पण तो फिल्टर हळूहळू राखेने भरत जाईल, आणि त्याची किंमत ऐकून ऑइल स्वस्त वाटायला लागेल.

जाड ऑइल कुठे योग्य असतं, हेही सांगायला हवं. गाडी दीड-दोन लाख किलोमीटर चालली आहे, दर हजार किलोमीटरला ऑइल वर घालावं लागतं, आणि पुस्तिकेत एक पायरी जाड ग्रेड दिलेली आहे, तर ती जरूर वापरून बघा. ऑइल खाणं थोडं कमी होऊ शकतं. व्हॉल्व्ह सील किंवा रिंगा गेल्या असतील तर त्या भरून येणार नाहीत, पण इंजिन काम काही महिने पुढे ढकलता येतं.

वडिलांना काय सांगू, हा प्रश्न तुम्ही शेवटून दुसरा विचारलात. मला वाटतं पत्र लिहायचं कारण तोच आहे. त्यांना सेंटिस्टोक सांगू नका. हा लेख वाचून दाखवू नका, निदान पहिल्याच दिवशी. डबा आणायला ते स्वतः गेले, म्हणजे गाडीच्या काळजीत त्यांना वाटा हवा आहे, आणि तुमच्या गाडीत हात घालण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही. त्यांना डिपस्टिकचं, म्हणजे ऑइलची पातळी मोजायच्या पट्टीचं, काम द्या, पण नावापुरतं नको. दर रविवारी, गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाचेक मिनिटं झाल्यावर, पट्टी पुसून पुन्हा घालून बघायची. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. खालच्या खुणेला आली तर भर घालायची, वरच्या खुणेच्या पुढे कधीच नाही. जास्त झालेलं ऑइल क्रँक घुसळते आणि त्यात फेस होतो. बोटावर घेऊन पेट्रोलचा वास येतो का, हे त्यांच्याइतकं चांगलं कोण ओळखणार? नव्या गाड्यांच्या मालकांना पट्टी कुठे असते हेही माहीत नसतं. आणि तुमच्या प्रवासात ऑइलच्या ग्रेडने काही बिघडायचं नाही, बिघडलंच तर पातळी कमी झाल्याने बिघडेल. वडील पुढच्या सीटवर बसणार असतील तर ऑइलच्या कॅनचं चित्र असलेल्या लाल दिव्याकडे लक्ष ठेवायचं कामही त्यांच्याकडेच. तो चालत्या गाडीत लागला तर पुढच्या पंपापर्यंत नेऊ असं म्हणायचं नाही, जागा बघून लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं. वाटेत पातळी कमी आढळली आणि तुमची ग्रेड मिळाली नाही, तर मिळेल ते बरं इंजिन ऑइल अर्धा लिटर घाला आणि मुंबईत आल्यावर बदला. कमी ऑइलवर चालवण्यापेक्षा तेव्हा वेगळी ग्रेड परवडते. बरोबर एक लिटर ५डब्ल्यू-३० घेऊन निघालात तर ही वेळच येणार नाही.

घेताना सीलबंद डबा घ्या, समोर फोडायला सांगा आणि रिकामा डबा झाकण कापून टाका. जुन्या डब्यांत काहीही भरून विकण्याचा धंदा आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या सुट्या भागांच्या बाजारात दहा टक्के स्वस्त मिळतं म्हणून ओळखीच्या नसलेल्या दुकानातून घेऊ नका. काढलेलं ऑइल गॅरेजने पिंपात जमा करून पुनर्वापरवाल्याला द्यायचं असतं. गटारात ओतताना दिसलं तर गॅरेज बदला.

वडिलांनी आणलेला डबा सीलबंद आहे तर दुकानदार बहुधा बदलून देईल, पावती घेऊन त्यांनाच पाठवा. नाहीच घेतला तर इमारतीत कुणाकडे २०डब्ल्यू-५० लागणारी जुनी कार असेल त्यांना द्या. मोटरसायकलवाल्याला देण्याआधी डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (दुचाकीच्या ऑइलचा जपानी दर्जा) छापलंय का बघा. मोटरसायकलची क्लच ऑइलमध्येच बुडालेली असते आणि कारच्या काही ऑइलांनी ती सरकायला लागते.

राहिली स्कूटर. तिची क्लच कोरडी असते, त्यामुळे ती सरकण्याचा प्रश्न नाही, पण उत्तर तरीही नाही असंच आहे. तिच्या पुस्तिकेत बहुधा १०डब्ल्यू-३० आणि जासो एमबी लिहिलेलं असेल. ॲक्टिव्हाला तेच लागतं. कारचं उरलेलं ५डब्ल्यू-३० असो की वडिलांचं २०डब्ल्यू-५०, दोन्ही तिच्यासाठी नाहीत. एक गोष्ट मात्र तिच्या बाबतीत कारपेक्षा वेगळी आहे: स्कूटरचं इंजिन हवेवर थंड होतं, थर्मोस्टॅट नाही, त्यामुळे बाहेरचं ऊन आणि सिग्नलवरचं थांबणं तिला खरंच जाणवतं. हेच सगळ्या हवेवर थंड होणाऱ्या बाइकना लागू आहे, आणि दिवसभर डिलिव्हरीसाठी फिरणाऱ्यांना तर सर्वात आधी. कंपन्यांनी ते धरूनच ग्रेड ठरवलेली असते, पल्सरच्या काही मॉडेलना २०डब्ल्यू-५० देतात ते उगाच नाही. तेव्हा ग्रेड तीच ठेवा, मोठ्या सिग्नलला इंजिन बंद करा, आणि उन्हाळ्यात ऑइल मुदतीच्या थोडं आधीच बदला. स्कूटरला लिटरभरही ऑइल लागत नाही. ती बाटली मिसेसनाच आणू द्या, म्हणजे घरात चौथं मत तयार होणार नाही.